खासदार आहे, आमदार नाही: लक्षद्वीपच्या एका मताचं वजन नक्की किती?

२००४ ची लोकसभा आठवतेय का, ती शायनिंग इंडियावाली? त्या निवडणुकीत पी. एम. सईद ७१ मतांनी पडले. एकाहत्तर! आमच्या सोसायटीच्या दोन विंग मिळून याहून जास्त मतदार आहेत, आणि त्यातले निम्मे मतदानाच्या दिवशी जोडून सुट्टी घेऊन लोणावळ्याला असतात. बरं हे सईद काही ऐरेगैरे उमेदवार नव्हते, १९६७ पासून सलग दहा वेळा निवडून आलेले, लोकसभेचे उपाध्यक्ष राहिलेले. मतदारसंघ लक्षद्वीप.

हे ऐकलं की पहिल्यांदा वाटतं, वा, काय नशीब आहे या लोकांचं, एकेका मताला केवढी किंमत. मलाही तसंच वाटलं होतं. मग मित्राच्या पोरीने, एमपीएससी करतेय ती, विचारलं की काका लक्षद्वीपला विधानसभेच्या किती जागा? मी म्हटलं असतील दहाबारा. शून्य आहेत. तिला आधीच माहीत होतं, माझी परीक्षा घेत होती. तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आकार डोळ्यासमोर आणा. सगळी बेटं मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. वस्ती असलेली बेटं दहा: कवरत्ती, अगत्ती, आंद्रोत, अमिनी, कदमत, किल्तन, चेतलत, कल्पेनी, मिनिकॉय आणि पिटुकलं बित्रा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. आता मुंबई महानगरपालिकेचे वॉर्ड २२७ आणि त्याच जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे एका नगरसेवकाच्या वाट्याला ५५ हजाराच्या आसपास माणसं. सबंध लक्षद्वीप म्हणजे मुंबईचा एक जरा फुगलेला वॉर्ड! फक्त या वॉर्डातल्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला रात्रभर जहाजात बसावं लागतं, मिनिकॉय तर इतर बेटांपासून २०० किलोमीटर खाली, तिथली भाषासुद्धा वेगळी, मालदीवच्या भाषेची बहीण, बाकीच्या बेटांवर मल्याळमच्या जवळची जेसरी बोलतात.

या वॉर्डाएवढ्या वस्तीला एक पूर्ण खासदार आहे. २०२४ ला इथे मतदार होते साधारण ५८ हजार, आणि तिकडे तेलंगणातल्या मलकाजगिरीत ३७ लाखांहून जास्त. दोन्हीकडे खासदार एकच. मग एक माणूस एक मत, सगळ्या मतांची किंमत सारखी, वगैरे जे नागरिकशास्त्रात शिकलो त्याचं काय झालं? तर राज्यघटनेच्या कलम ८१ मध्ये राज्यांच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा नियम आहे, पण केंद्रशासित प्रदेशांचं खातं वेगळं ठेवलंय, त्यांच्यासाठी जास्तीत जास्त २० जागा आणि त्या कशा भरायच्या हे संसद ठरवणार. लोकसंख्येचा नियम लावला असता तर लक्षद्वीप केरळच्या कुठल्यातरी मतदारसंघाला शेपटासारखं जोडलं गेलं असतं आणि पाच वर्षांत एकदा उमेदवाराची बोट आली तर आली. त्यामुळे ही सवलत मला तरी पटते, बेटाला थोडं झुकतं माप द्यावंच लागतं.

सुरुवातीला तर हे मतही नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला केंद्रशासित प्रदेश झाला (लक्षद्वीप हे नाव १९७३ चं, त्याआधी लक्कदीव, मिनिकॉय आणि अमिनदीवी असं लांबलचक होतं, आणि १९६४ पर्यंत कारभार चालायचा तो चक्क कालिकतमधून), पण खासदार राष्ट्रपती नेमायचे. १९६५ मध्ये कायदा झाला आणि १९६७ ला लोकांनी पहिल्यांदा मत टाकलं. तेव्हा निवडून आले ते सईद, अपक्ष. म्हणजे जे २००४ ला पडले तेच. बेटावरच्या लोकांच्या एका अख्ख्या पिढीने मत देणं आणि सईदांना मत देणं यात फरकच पाहिला नव्हता म्हणा ना.

आणि मतदान करतात हो दणकून. २०२४ ला ८४ टक्के. पुण्यामुंबईवाल्यांनी तोंड लपवावं. निकाल कायम घासून लागतो, २०१९ ला ८२३ मतांचा फरक, २०२४ ला २,६४७ चा, आणि यात आपल्याकडचं राजकारणही पोचलंय बरं का. २०१४ आणि २०१९ चे खासदार मोहम्मद फैझल राष्ट्रवादीचे. पक्ष फुटला तेव्हा ते शरद पवारांबरोबर राहिले, अजित पवारांच्या राष्ट्रवादीने वेगळा उमेदवार दिला आणि त्याला पडली २०१ मतं. फैझलनाही हरवून हमदुल्ला सईद निवडून आले, काँग्रेसचे, म्हणजे त्याच सईदांचे चिरंजीव. बारामतीची फूट अरबी समुद्रात दोनशे मतांनी मोजली गेली.

आता मूळ प्रश्न. एवढं जड मत टाकून माणूस निवडतात कुठल्या कामाला?

आपल्याकडे बघा, नळाला पाणी नाही तर नगरसेवक किंवा सरपंच, रस्त्याचं घोंगडं भिजत पडलं तर जिल्हा परिषद नाहीतर आमदार, आणि खासदाराकडे आपण जातो ते रेल्वेच्या तिकिटाच्या पत्रासाठी. रोजच्या जगण्यातली बहुतेक खाती, म्हणजे आरोग्य, शाळा, जमीन, मासेमारी, पोलीस, ही राज्याची. त्याचे कायदे विधानसभा करते, पैसे विधानसभा मंजूर करते, मंत्री तिथे उत्तर देतो. लक्षद्वीपला हा मधला मजलाच नाही. वर खासदार, खाली पंचायत, मध्ये जिना नाही, एक लिफ्ट आहे आणि तिची किल्ली प्रशासकाकडे.

प्रशासक हा शब्द मराठी माणसाला आता काही नवीन राहिलेला नाही. मार्च २०२२ ला मुंबई, पुण्याच्या पालिकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक म्हणून सगळं बघत होते. स्थायी समितीही तेच, सभागृहही तेच, प्रस्ताव मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. गटार तुंबलं की माजी नगरसेवक म्हणायचा मी आता माजी आहे. ती जी काय अवस्था होती ना, ती लक्षद्वीपला १९५६ पासून आहे, आणि आपल्याला निदान तेव्हा आमदार तरी होते ओरडायला.

हा प्रशासक कलम २३९ खाली राष्ट्रपती नेमतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार. आणि त्याच्या जोडीला आहे कलम २४०, जे फार कमी लोकांना माहीत असतं. त्यात असं आहे की लक्षद्वीप, अंदमान अशा प्रदेशांसाठी राष्ट्रपती थेट नियमावली काढू शकतात आणि तिला संसदेच्या कायद्याएवढीच ताकद असते. एवढंच नाही, त्या प्रदेशाला लागू असलेला संसदेचा कायदासुद्धा या नियमावलीने बदलता किंवा रद्द करता येतो. दोनदा वाचा हे वाक्य. म्हणजे बेटावरच्या लोकांनी मोठ्या कष्टाने निवडून पाठवलेला खासदार ज्या सभागृहात बसतो, त्या सभागृहाच्या बाहेरून त्यांच्यासाठी कायदा येऊ शकतो.

राज्यसभेत तरी कोणी असेल? नाही. राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात, आमदारच नाहीत तर निवडणार कोण.

आता एकच खासदार म्हणजे काय धोका असतो ते २०२३ ला दिसलं. जानेवारीत फैझलना खुनाच्या प्रयत्नाच्या जुन्या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झाली, लगेच खासदारकी गेली, पोटनिवडणूकही जाहीर झाली, मग केरळ हायकोर्टाने दोषसिद्धी स्थगित केली, पोटनिवडणूक थांबली, पण खासदारकी परत मिळायला मार्चअखेर उजाडला. मधल्या काळात १ फेब्रुवारीला देशाचं बजेट मांडलं गेलं आणि लक्षद्वीपचा एकही माणूस दोन्ही सभागृहांत नव्हता. पुढे ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच, खासदारकी गेली, सुप्रीम कोर्टात धाव, नोव्हेंबरमध्ये परत आली. त्या माणसाचा दोष होता की नव्हता हे कोर्ट बघेल, पण एका खटल्याच्या तारखेवर अख्ख्या प्रदेशाचा आवाज चालूबंद होतो, स्विचसारखा. महाराष्ट्रातला एक खासदार गेला तर ४७ उरतात.

२०२१ चा सगळा गदारोळ यावरून समजतो. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातचे माजी गृहराज्यमंत्री प्रफुल्ल खोडा पटेल प्रशासक झाले आणि काही महिन्यांत मसुद्यांचा पाऊस पडला: जमीन घेऊन विकास करायचं प्राधिकरण, गुंडाविरोधी कायदा, गोवंशाबद्दलचा नियम, आणि दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर पंचायत निवडणूक लढता येणार नाही. हा शेवटचा नियम वाचून मराठी माणूस म्हणेल त्यात काय, आपल्याकडे २००१ पासून आहे. बरोबर, आहे. पण आपल्याकडे तो निवडून आलेल्या विधानसभेने केला, त्यावर भांडायला आमदार होते, आवडला नाही तर पुढच्या निवडणुकीत पाडायला सरकार होतं. नियम तोच असला तरी दोन्हीकडे तो वेगळ्या दारातून येतो, आणि लोकांचा राग बराचसा त्या दारावर होता असं माझं मत आहे.

२०२१ च्याच मे महिन्यात जिल्हा पंचायतीकडे दिलेली शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन, मासेमारी ही खाती प्रशासनाने परत स्वतःकडे घेतली. शाळेच्या जेवणातून चिकन, मटण काढलं, अंडी आणि मासे ठेवले. आता पोरांच्या पोषण आहारात काय वाढायचं हा वाद आपल्याकडे कुठे होईल? शाळा व्यवस्थापन समितीत, फार तर झेडपीच्या सभेत, दोन सदस्य माइक ओढतील आणि विषय मिटेल. इथे तो केरळ हायकोर्टात गेला, तिथून सुप्रीम कोर्टात, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं हा धोरणाचा विषय आहे, आम्ही पडणार नाही. म्हणजे कोर्ट म्हणतं धोरण ठरवणाऱ्याला विचारा आणि धोरण ठरवणारा निवडून आलेला नाही.

आणि विरोधाचा ठराव कुठे झाला माहितीये? केरळच्या विधानसभेत, ३१ मे २०२१ ला, एकमताने. स्वतःची विधानसभा नाही म्हणून शेजाऱ्याच्या विधानसभेत आपल्यासाठी ठराव. त्या ठरावाला कायद्याने किंमत शून्य, पण दुसरीकडे मांडणार तरी कुठे.

बरं, आता मी दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर कमेंटमध्ये धुलाई होईल. सेवा तिथे वाईट आहेत असं नाही. पाण्याचंच घ्या. प्रवाळाच्या बेटावर नदी नाही, तलाव नाही, वाळूखाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, विहिरीतून जास्त उपसलं की खारं वर येतं. तर २००५ मध्ये कवरत्तीला आपल्या शास्त्रज्ञांनी एक भारी प्रकल्प बसवला, दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी. आयडिया अशी: समुद्राचं वरचं पाणी कोमट असतं, ते हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडलं की कमी दाबामुळे त्याची आपोआप वाफ होते, मग साडेतीनशे मीटर खोलीवरचं थंडगार पाणी पाइपने वर आणून त्याने ती वाफ गार करायची, झालं गोडं पाणी, मीठ मागे राहतं. बेटाच्या कडेला समुद्र एकदम खोल होतो म्हणून किनाऱ्यापासून जवळच एवढं थंड पाणी मिळतं. पुढे इतर बेटांवरही असे प्रकल्प झाले. जानेवारी २०२४ पासून कोचीहून समुद्राखालून आलेली फायबर केबल आहे, त्याआधी सगळं इंटरनेट सॅटेलाइटच्या भरवशावर. वीज बरीचशी डिझेलवर आणि ते डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने येतं.

म्हणजे सगळ्याची नाडी जहाज आहे. कोचीपासून बेटं २२० ते ४४० किलोमीटर, चौदा ते अठरा तास वगैरे, विमानतळ एकच, अगत्तीला. काही बेटांवर जहाज धक्क्याला लागतच नाही, बाहेर प्रवाळाच्या कड्यापलीकडे खोल पाण्यात उभं राहतं, मग खालून छोटी होडी येते, ती लाटेवर वरखाली होत असते आणि जहाजाच्या कडेच्या दारातून, होडी वर आली की त्या सेकंदाला, पाय टाकायचा. आधी पोरं आणि म्हाताऱ्या, त्यांना दोन बाजूंनी दोन खलाशी दंडाला धरून अक्षरशः झेलतात, मग बॅगा, मग गॅस सिलिंडर, तांदळाची पोती. पावसाळ्यात हे किती वेळा जमणार? मोठ्या दुखण्याच्या पेशंटला कोचीला न्यायचं तर हेलिकॉप्टर, आणि हवा खराब असेल तर वाट बघायची.

तर कुठलं जहाज कधी सुटणार, कुठल्या बेटाला थांबणार, दुरुस्तीला ड्राय डॉकला गेलं तर बदली कुठलं, तिकिटात स्थानिकांचा कोटा किती, हे सगळं ठरतं प्रशासनात. बेटावरच्या माणसाच्या आयुष्यात याहून मोठा राजकीय प्रश्न नाही, आणि नेमका हाच प्रश्न त्याच्या मताच्या टप्प्यात येत नाही. खासदार पत्र लिहितो, संसदेत प्रश्न विचारतो, त्याचा पाच कोटींचा वार्षिक निधी वापरतो (मलकाजगिरीच्या खासदारालाही पाचच कोटी, हे आपलं जाता जाता), पण ठरवत नाही.

नुसतं मत असलं की सेवा येतात का, तर तेही नाही. घारापुरी बघा. गेटवेवरून लाँचने तासभर, समोर मुंबई झगमगतेय, बेटावर सरपंच आहे, उरणचा आमदार आहे, मावळचा खासदार आहे, सगळे मजले शाबूत, आणि तरी समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटर. मोराबंदर, राजबंदर, शेतबंदर मिळून हजारबाराशे माणसं, एवढ्या मतांसाठी कोण धावतो? म्हणजे घारापुरीकडे सगळी दारं होती पण मत हलकं, लक्षद्वीपचं मत जड पण दार एकच. छोट्या बेटाची गोची दोन्हीकडून होते.

तिसरा नमुना दीव. हे गोव्याच्या लोकांना आठवत असेल. गोवा, दमण, दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश होता, पणजीतल्या विधानसभेत ३० आमदार आणि त्यातला एक दमणचा, एक दीवचा. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं, इकडे फटाके, आणि त्याच दिवशी दीवच्या माणसाचा आमदार गेला, कायमचा. तिथेही आता प्रशासक, आणि गंमत म्हणजे दादरा नगर हवेली आणि दमण दीवचे प्रशासकही तेच प्रफुल्ल पटेल ज्यांच्याकडे लक्षद्वीप आहे.

मग द्या ना विधानसभा, असं सरळ वाटतं. पण हिशोब करून बघा. सिक्कीममध्ये सहा लाख लोकांमागे ३२ आमदार, म्हणजे एकोणीस हजाराला एक. त्या मापाने लक्षद्वीपला आमदार येतील तीन. एक मुख्यमंत्री, एक विरोधी पक्षनेता आणि एक अध्यक्ष! पक्षांतराला पण वाव नाही. त्यामुळे मला वाटतं खरी जागा पंचायतीची आहे, १९९४ च्या नियमावलीने दहा बेटांना दहा ग्रामपंचायती आणि वर एक जिल्हा पंचायत दिली होती, तिलाच जहाज, शाळा, दवाखाना यांचे खरे अधिकार आणि पैसे द्यायचे, आणि एका सहीने परत काढून घेता येणार नाहीत असे द्यायचे. पण झालं उलटंच, २०२१ ला खाती गेली आणि २०२३ च्या सुरुवातीला पंचायतींची मुदतही संपली, नवीन निवडणूक नाही.

आणि मग आलं बित्राचं प्रकरण. सगळ्यात छोटं वस्तीचं बेट, २०११ ला २७१ माणसं, एका एसटीच्या पाच फेऱ्यांत गाव रिकामं होईल एवढी. जुलै २०२५ मध्ये प्रशासनाने अधिसूचना काढली की संरक्षणाच्या कामासाठी हे अख्खं बेट घ्यायचा विचार आहे, त्यासाठी सामाजिक परिणामांचा अभ्यास करणार. मोक्याची जागा आहे, देशाला गरज असेलही, त्यावर मी इथे बसून काय बोलणार. खासदारांनी विरोध केला. ज्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली हे चाललंय, त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की हा अभ्यास करताना तिथल्या पंचायतीशी सल्लामसलत करायची. नोटीस निघाली तेव्हा बित्रात निवडून आलेली पंचायतच नव्हती.